हमद टाउनमधली किमची

बहरीनला थंडी पडते हे गावाकडच्या लोकांना अजून पटत नाही. वाळवंटात कसली आलीय थंडी, असं म्हणत ते आमच्या स्वेटरांना हसतात. पण डिसेंबरात उत्तरेकडून शमाल वारा सुटला, की जुफैरमधल्या आमच्या उंच इमारतीच्या खिडक्या दिवसभर कुरकुरत राहतात, समुद्राचा रंग मळकट होतो आणि भाजीवाल्याकडे इथल्याच मळ्यांतले कोबीचे गड्डे येऊन पडतात. त्याच सुमारास वसईहून आईचा फोन येतो. तब्येतीची चौकशी मागाहून, आधी प्रश्न ठरलेला. कोबी आला का गो? मी म्हणते, आला. मग मीठ जपून घाल, असं ती म्हणते. मी हो म्हणते आणि माझ्या मनाला येईल तेवढंच घालते.

आता खरं तर किमची, म्हणजे कोरियातलं कोबीचं तिखट लोणचं, घरी करायची काही गरज उरलेली नाही. आमच्या इमारतीखालच्या सुपरमार्केटात ती प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते. परवा मी तो डबा उलटसुलट करून बघत होते, तर काउंटरवरच्या मुलीनं हसून मला फिलिपिनो भाषेत काहीतरी विचारलं. मी मान हलवली. मागच्या गृहस्थांनी मला जपानी ठरवलं. गेली पन्नासेक वर्षं हे चाललंय. माझा चेहरा पाहिला की प्रत्येकाला आपलं भूगोलाचं ज्ञान पाजळावंसं वाटतं. पूर्वी मी भांडायची. मी मूळची चिडकी, त्यात वसईची. आता मात्र उत्तर माझ्या मर्जीवर असतं. कधी सांगते, कोरियाची. कधी सांगते, वसईची. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगताना मला सारखाच आनंद होतो. हा आनंद मला आयता मिळालेला नाही. ऐंशीच्या दशकातल्या एका थंडीत, नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना, तो मी कमावला.

माझी हकिगत घरात कधीच लपवलेली नव्हती. आईची मोठी बहीण, फिलोमावशी, सिस्टर होती आणि तिच्या मठानं तिला कोरियातल्या एका अनाथालयात पाठवलं होतं. आईपप्पांना मूल नव्हतं. पप्पा तेव्हा इथं बहरीनला, मनामात एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे कारकून होते. मावशीनं कळवलं, इकडे एक पोर आहे, जेवायला चांगली आहे आणि रडायलाही. कागदपत्रांच्या खटपटी पप्पांनी कशा केल्या ते तेच रंगवून सांगायचे, दर वेळी नवी भर घालून. मी बहरीनला आले तेव्हा तीन वर्षांची होते. बोलतही होते म्हणे, घडाघडा. पण ते बोलणं समजणारं घरात कोणी नव्हतं, आणि कोणी ऐकणारं नसलं की भाषा मुलांच्या तोंडातून फार लवकर निघून जाते. एक दिवस मी पाणी मागितलं ते मराठीत, आणि तेव्हापासून मी वसईची झाले. रोझरी वसईची, भांडण वसईचं, सुक्या बोंबलावरचा जीवही वसईचाच.

कुणी विचारलंच तर पप्पा सांगायचे, "माझीच मुलगी. फक्त नाक तिच्या आजीवर गेलं नाही." आजीचं नाक पाहिलेल्या लोकांना हा माझ्यावरचा उपकारच वाटायचा.

सत्तरच्या दशकात कोरियन कामगार बहरीनच्या बेटावर येऊ लागले. गोदीचं काम, रस्त्यांचं काम, मग घरांचं. एकसारख्या टोप्या घातलेल्या माणसांनी भरलेल्या बसेस मनामातून जायच्या. मी तेव्हा शाळकरी होते. एकदा सिग्नलला त्यांची बस आमच्या शाळेच्या बसशेजारी उभी राहिली आणि खिडकीतल्या एकाचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, शेजाऱ्यानं पुढच्याला, आणि बघता बघता अख्खी खिडक्यांची रांग मला हात करू लागली. मी सीटखाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. माझ्या बुटाला नाडी नव्हती. वर्गातल्या मुली पुढे कितीतरी दिवस विचारत होत्या, तुझे काका आले होते ना गं. मला त्या माणसांचा राग यायचा, कारण माझ्या चेहऱ्यावर ते हक्क सांगत होते आणि त्या हक्काला द्यायला माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

हे सगळं मी विसरून गेले होते. मग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमची वॉर्डातली ड्यूटी सुरू झाली आणि त्या थंडीत पार्क आला.

हमद टाउन तेव्हा उभं राहत होतं. वाळवंटात आधी गोल चौक तयार झाले होते आणि घरं मागून येत होती. तिथल्या कामावर पार्क सुतार होता. परांचीवरून त्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन लावून त्याला आमच्या वॉर्डात ठेवलं होतं. तो इंग्रजी बोलत नव्हता, अरबीतले खलास आणि मफी, म्हणजे संपलं आणि नाही, एवढेच शब्द त्याला येत होते. वॉर्डची सिस्टर केरळची, फार कामसू बाई. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, रीटा, बरं झालं तू आलीस, जरा तुझ्या भाषेत त्याला विचार काय होतंय ते.

मी खाटेजवळ गेले. पार्कनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी अजून विसरलेली नाही. बुडणाऱ्याला काठावर ओळखीचं माणूस दिसावं तसं. तो बोलू लागला. भरभर, हातवारे करत, श्वास न घेता. मी उभी राहिले आणि एक अक्षर मला कळलं नाही. मी इंग्रजीत म्हटलं, सॉरी. हिंदीत म्हटलं. शेवटी मराठीतही म्हटलं, काय करावं ते सुचेना म्हणून. तो थांबला. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. वॉर्डातले सगळे पेशंट पाहत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती लाज माझी नाही हे कळत असूनही ती जात नव्हती.

त्या संध्याकाळी बसमधून घरी येताना मी ठरवलं. पाय जुळला की हा माणूस मायदेशी जाणार, थंडी सरायच्या आत. त्याआधी याच्याशी याच्या भाषेत बोलायचं. मी कोण ते त्याला सांगायचं, आणि त्या दिवशी तो काय सांगत होता ते विचारून घ्यायचं. त्यानं इतक्या तळमळीनं सांगितलेलं काहीतरी माझ्यामुळे वाया गेलं, हे मला सहन होत नव्हतं.

मला गुरू मिळाला तो स्टीलच्या डब्यासकट. पार्क हॉस्पिटलच्या जेवणाला शिवेना, म्हणून त्यांच्या कॅम्पचा आचारी, चोई नावाचा, भेटीच्या वेळेला त्याच्यासाठी डबा घेऊन यायचा. ठेंगणा, गोल आणि अत्यंत बोलका माणूस. बहरीनमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे त्याची भाषा म्हणजे थोडं इंग्रजी, थोडं अरबी, थोडं बाजारातलं हिंदी. मी त्याला म्हटलं, मला शिकवा. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, तू आमची असून तुला येत कसं नाही? मी सगळं सांगितलं. मग डब्याचं झाकण उघडून आतल्या एकेका पदार्थावर बोट ठेवत त्यानं नाव सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. माझे उच्चार ऐकून तो इतका हसायचा की शेजारचे पेशंट दचकायचे. गुरू म्हणून तो अगदीच बेशिस्त होता. जे शिकवायचं ठरलेलं असे ते सोडून कोबीच्या भावाबद्दल बोलत बसे. त्यामुळे भाव मात्र मला सुरुवातीपासून उत्तम करता येऊ लागला.

शिकलेलं सगळं मी पार्कवर वापरायची. सुप्रभात. पाणी हवं का. आज वारा फार आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. एके दिवशी मी काहीतरी चुकीचं म्हटलं आणि भिंतीकडूनच दुरुस्ती आली. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा दुरुस्ती. वॉर्डच्या सिस्टरनं हातातली सिरिंज बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीपासून पार्क भिंतीकडे तोंड करायचं विसरू लागला.

घरी मात्र आई गप्प गप्प होती. मी सकाळी आरशासमोर उभी राहून वाक्यं पाठ करायची आणि ती स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. मग चोईनं सांगितलं की येत्या शुक्रवारी कॅम्पात अख्ख्या वर्षाची किमची घालायची आहे. त्यांच्याकडे थंडीच्या तोंडावर सगळं गाव मिळून ते करतं, तर तूही ये. मी घरी हे सांगितलं आणि आईनं हातातला डाव खाली ठेवला.

"तू त्यांच्यात शोभशील गो," ती म्हणाली. "आमच्यात तू कायम वेगळी दिसलीस. मग परत आमच्यात यावंसं तुला कशाला वाटेल?"

मला राग आला, रडू आलं, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही एकदम आलं. पप्पांनी मधे पडून विषय बदलावा म्हणून मी बघितलं, तर ते वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेले. थोड्या वेळानं वर्तमानपत्रामागून त्यांनीच विचारलं, किमची म्हणजे नक्की काय असतं. मी म्हटलं, कोबी. गाडीभर कोबी, मीठ, तिखट, लसूण. करतं कोण? कॅम्पातले पुरुष. आईनं पाठ वळवलेली होती, पण कान माझ्याकडेच होते. पुरुषांना कोबी धुता तरी येतो का, असं ती डाव विसळता विसळता म्हणाली. शुक्रवारी मी तयार होऊन बाहेर आले तर ती आमच्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेली होती, मांडीवर घरच्या तिखटाचा डबा आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, बांधलेलं फडकं घेऊन.

तो शुक्रवार मी कधीही डोळ्यांपुढे आणू शकते. हमद टाउनच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधल्या अंगणात पाण्याची आणि मसाल्याची पिंपं, आणि रात्रभर मिठात पडून मऊ झालेल्या कोबीचे ढीग. लाल रबरी हातमोजे घातलेले दणकट सुतार आणि गवंडी उकिडवे बसून पानापानात मसाला भरत होते. कुणीतरी गात होतं. वाऱ्यानं वाळू येत होती आणि चोई प्रत्येक झुळकेला शिव्या देत पिंपांवर चादरी ओढत होता. आई पाचेक मिनिटं हाताची घडी घालून उभी राहिली. मग तिला राहवेना. एकाचा कोबी तिनं हातातून काढून घेतला, पुन्हा धुतला आणि परत दिला. वसईत उन्हाळ्यात मसाला कुटायला आळीतल्या सगळ्या बायका एका अंगणात जमतात, तिथं आवाज चढवून कामं वाटून देणारी एक असते. आमच्या आळीत ती माझी आई. दुपारपर्यंत ते सगळे पुरुष तिच्या हाताखाली आले होते आणि कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, यल्ला, म्हणजे चला, एवढ्यावर सगळं भागत होतं.

मसाल्यात घालायची खारवलेली कोळंबी कोरियाहून आली नव्हती, म्हणून चोई खट्टू होता. आईनं जवळ्याचं फडकं सोडलं. त्यानं चिमूटभर उचलून हुंगला, डोळे मिटले आणि सगळाच्या सगळा पिंपात ओतला. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो रुबाब होता तो मी तिच्या कुठल्याही लग्नकार्यातल्या फोटोत पाहिलेला नाही. जेवताना त्या गवंड्यांनी मला मधे बसवलं. मला कुणी प्रश्न विचारले नाहीत. नुसतं वाढत राहिले. आणि गंमत म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारख्या चेहऱ्यांच्या घोळक्यात बसले असताना मी सारखी मान वळवून बघत होते ती आई जेवतेय ना एवढंच.

निघताना आम्हाला बरणीभर किमची मिळाली. पुढचा पराक्रम आईचा. मुरायला घातलेली गोष्ट उन्हात ठेवायची, हे तिच्या हाडात भिनलेलं. मला न विचारता तिनं बरणीला दादरा बांधला आणि कैरीच्या लोणच्यासारखी ती गच्चीत नेऊन ठेवली. दोनतीन दिवसांत बरणी फसफसून दादऱ्यातून वर आली, लाल पाणी गच्चीभर झालं आणि वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. तिथं रत्नागिरीच्या हमीदाखाला राहायच्या. त्या जिना चढून वर आल्या आणि नाकाला ओढणी लावून त्यांनी विचारलं, वर काही मेलंय काय.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी विश्वासानं दिलेलं मी नासवलं, असं म्हणत ती डोळ्यांना पदर लावून बसली. चोईला कळवलं तर तो पुढच्या शुक्रवारी स्वतःच आमच्याकडे आला. त्यानं बरणीत बोट घालून चाखलं आणि भिंतीला टेकून हसत सुटला. मग म्हणाला, अशी आंबट व्हायला आम्ही महिनोन् महिने वाट बघतो. आमच्याच चुलीवर, आमच्याच पातेल्यात, डब्यातले मासे घालून त्यानं त्या आंबट किमचीचं झणझणीत कालवण केलं. आईनं दोनदा भात घेतला. हमीदाखाला नाक धरून आल्या होत्या, त्याही वाटीभर घेऊन खाली गेल्या.

थंडी ओसरू लागली. पार्कच्या पायावरचं वजन निघालं, तो कुबड्यांवर उभा राहिला आणि त्याचं तिकीट आलं. तो जाणार त्या शुक्रवारी आई आणि पप्पा त्याला भेटायला वॉर्डात आले. आईनं वाटेसाठी म्हणून चपात्या आणि जवळ्याची चटणी आणली होती. चोई बॅग घेऊन उभा होता. सांगायचं ते आजच सांगायचं होतं.

मी पार्कच्या समोर उभी राहिले आणि न थांबता त्याच्या भाषेत बोलले. मी तुमच्या देशात जन्मले. लहान असताना इकडे आले आणि भाषा विसरले. हे माझे आईवडील. तुम्ही पहिल्या दिवशी बोललात तेव्हा मला काही समजलं नाही, म्हणून या थंडीत मी शिकले. त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?

पार्क लाल झाला. त्यानं चोईकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात सांगितलं. तो बेडपॅन मागत होता. दुसरं काही नाही. सकाळपासून कुणाला सांगता येत नव्हतं आणि मी देवासारखी आले होते.

मी आधी थक्क झाले आणि मग हसू आवरेना. थंडीभर मी त्या वाक्याला केवढं मोठं केलं होतं. पार्कही हसला, चोई तर खाटेवर बसूनच हसला. मराठीत सांगितल्यावर पप्पांचा चष्मा खाली पडला. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं होतं, त्यानं उत्तर दिलं होतं आणि मला ते कुणाच्या मदतीशिवाय समजलं होतं.

आई मात्र हसली नाही. ती पुढे झाली आणि मला म्हणाली, "त्याला विचार, ऑबॉ म्हणजे काय?"

हा शब्द मी कधी तिच्या तोंडून ऐकला नव्हता आणि चोईनंही मला शिकवला नव्हता.

"तू आलीस ना, तेव्हा दिवसभर तेच म्हणायचीस," आई म्हणाली. "हात वर करून, ऑबॉ, ऑबॉ. मी लगेच कडेवर घ्यायचे. तू पाय झाडायचीस, आणखी रडायचीस. मला वाटायचं, पोरीला मी आवडत नाही. कुणाला बोलले नाही मी कधी."

मी पार्कला विचारलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं एक कुबडी चोईच्या हातात दिली, मोकळा हात मागे नेऊन आपल्या पाठीवर थोपटला आणि जरासा वाकला. आमच्याकडे आया मुलांना पाठीवर घेतात, तो म्हणाला, फडक्यानं बांधून. कामही होतं आणि मूलही झोपतं. माझी मुलगी दारात वाट बघत असेल, मी गेलो की तीही हेच म्हणेल. पाठीवर घे.

मी हे मराठीत सांगितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

"म्हणजे तुला मी नको नव्हते," ती म्हणाली. "मी फक्त चुकीच्या बाजूला घेत होते."

मग तिनं पिशवी पप्पांच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि भरल्या वॉर्डात माझ्याकडे पाठ करून वाकली. "ये," ती म्हणाली. मी म्हटलं, आई, तुझी कंबर, लोक बघताहेत. ती वळलीसुद्धा नाही. वसईच्या वाडीतून भाजीच्या पाट्या वाहिलेली ती बाई तशीच वाकून उभी राहिली, आणि मी नर्सिंगच्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, वीस वर्षांची घोडी, तिच्या गळ्यात हात टाकून पाठीवर चढले. तिनं मला उचललं. एकेक पाऊल टाकत खाटांच्या मधून ती निघाली, पेशंट टाळ्या वाजवू लागले, चोई काहीतरी ओरडत होता आणि मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडत होते. वॉर्डच्या सिस्टरनं रागवायला तोंड उघडलं, आणि मग रागवायचं सोडून पुढे होऊन आमच्यासाठी दार उघडून धरलं.